माळ्यावरचा व्हॉल्व्हचा ऑसिलोस्कोप

रत्नागिरीत काकांच्या माळ्यावरच्या या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, कंपनीचं नावच नव्हतं. चासीची (आतल्या धातूच्या सांगाड्याची) भोकं कानशीने वाढवलेली, म्हणजे घरीच बांधलेलं. चित्र दाखवणाऱ्या ट्यूबवर ‘व्हीसीआर ९७’ दिसलं आणि उलगडा झाला: दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रडारची ६ इंची ट्यूब, तिला आतून तापवणारा हीटर ४ व्होल्टचा. सोबत ईएफ ५० व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या निर्वात नळ्या.

खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या पिना घासल्या, गळके कागदी कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सरसकट बदलले. फोकस मात्र येईना. हाय व्होल्टेजच्या साखळीतला १ मेगाओहमचा कार्बन रेझिस्टर (विजेला अडवणारा भाग) मोजला, तर जवळपास दुप्पट! त्याजागी कमी ओहमचे दोन एकापुढे एक जोडले, म्हणजे व्होल्टेज विभागलं जातं.

सावध: इथे कॅथोडच (ट्यूबचं इलेक्ट्रॉन सोडणारं टोक) उणे २००० व्होल्टच्या आसपास असतो, त्यामुळे ब्राइटनेसचा पॉटही (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) जीवघेणा. बंद केल्यावरही कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे केल्याशिवाय हात घालू नका.

५० हर्ट्झची हिरवी लाट आता स्थिर दिसते. कडेला थोडी वाकते, चालतंय.