नर घेताना नुसती पाठ बघू नका

आमच्या तासगाव भागात वराहपालन म्हटलं की पाहुणे नाक मुरडतात. मुरडू देत.

आधी एक समजून घ्या. पाठीवरची चरबी वेगळी आणि मांसाच्या धाग्यांतली वेगळी. पहिली कमी हवी, दुसरी थोडी हवीच, कारण चव तिथं असते. दोन्ही बऱ्याच अंशी आईबापाकडून येतात. म्हणून मी लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा लँडरेस जातीच्या माद्यांवर ड्युरॉक जातीचा नर लावतो. त्याच्या पिल्लांच्या मांसात चरबी छान विणलेली असते.

पिएट्रेन जातीच्या रक्ताचा नर भरदार दिसतो, पण हॅलोथेन जनुक, म्हणजे ज्यातल्या दोषानं डुकराला ताण सोसत नाही ते, तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. तपासणीला मुळासकट उपटलेले केस किंवा रक्त पुरतं. दोष १९९१ साली नेमका सापडला. एकेरी दोषाचा, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच दोष आलेला नर धडधाकट दिसतो, फसगत तिथंच. दोन्हीकडून दोष आलेलं पिल्लू ताणात दगावतं, नाहीतर मांस फिकट, पाणी सोडणारं निघतं. न तपासलेल्या नराची दोन पिल्लं माझ्या गाडीत मिरजेला पोचायच्या आतच गेली, तीही ऐन मे महिन्यात.

आणि घाण्याची शेंगपेंड कापायच्या आधीचे शेवटचे दीड-दोन महिने आवरा. डुक्कर खाल्लेलं तेल जवळजवळ तसंच अंगात साठवतं. मग कितीही चांगल्या रक्ताचं असो, चरबी लिबलिबीत होते.