पर्सिस्टंट मेमरीची तब्येत व्हर्च्युअल मशिनला कळवणारा कोड कसा तपासावा

रॅममधला डेटा वीज गेली की जातो, पर्सिस्टंट मेमरीतला टिकतो. या हमीवरच डेटाबेससारखी सॉफ्टवेअर तिच्यात थेट लिहितात. पण या मेमरीलाही दुखणी असतात. ऐन वेळी डेटा जपायला लागणारी बॅकअप ऊर्जा नसते, आयुष्य संपत येतं, कधी मागच्या वेळचा डेटा धड परत येत नाही. खऱ्या मशिनवरची ऑपरेटिंग सिस्टिम हे हार्डवेअरला विचारू शकते. व्हर्च्युअल मशिनमधली सिस्टिम, म्हणजे गेस्ट, मात्र हायपरवायझर, म्हणजे तिला चालवणारं सॉफ्टवेअर, सांगेल तेच खरं धरून चालते. म्हणून हा निरोप पोचवणारा कोड छोटा असला तरी त्याचा रिव्ह्यू सावकाश करायला हवा.

उदाहरण आयबीएम पॉवरचं घेऊ. तिथे गेस्ट 'एच-एससीएम-हेल्थ' नावाचा हायपरकॉल, म्हणजे हायपरवायझरला विनंती, करून मेमरीची तब्येत विचारतो. लिनक्स कर्नलमध्ये गेस्टच्या बाजूचा कोड २०२० मध्ये आला, तर क्यूएमू या व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तर देणारी बाजू २०२१ मध्ये. क्यूएमूमधलं हे फंक्शन एका स्क्रीनवर मावतं. सी भाषा जेमतेम वाचता येत असेल तरी पुढच्या पायऱ्या जमतील.

आधी करार वाचा

पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, उघडण्याआधी हायपरकॉलचं वर्णन वाचा, तोच करार. लिनक्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पॉवरच्या हायपरकॉलवर एक पान आहे, त्यात हे सगळं थोडक्यात दिलंय. गेस्ट एक इंडेक्स देतो, म्हणजे कोणत्या मेमरी उपकरणाबद्दल विचारतोय ते. उत्तरात ६४ बिटांचे दोन आकडे मिळतात. पहिल्यात तब्येतीचे बिट असतात. त्यातले कोणते बिट ग्राह्य धरायचे हे दुसरा सांगतो, त्याला मास्क म्हणू.

आधी कोड वाचला तर लेखकाला काय म्हणायचंय तेच डोक्यात बसतं आणि करार त्याच चष्म्यातून वाचला जातो. म्हणून हा क्रम उलटा करू नका.

गेस्टने दिलेला इंडेक्स

गेस्ट काहीही इंडेक्स पाठवू शकतो, म्हणून तीन तपासण्या शोधा. त्या इंडेक्सचा कनेक्टर, म्हणजे उपकरण जोडायची जागा, आहे का? त्याला खरंच काही जोडलंय का? आणि तो पर्सिस्टंट मेमरीच्याच प्रकारचा आहे का? मधली तपासणी हमखास सुटते. हॉटप्लगसाठी, म्हणजे चालत्या मशिनला उपकरण जोडायला, ठेवलेला रिकामा स्लॉट असला तर कनेक्टर सापडतो, पण त्यामागे उपकरणच नसतं. अशा वेळी कोडने थेट उपकरणाला हात घातला, तर गेस्टच्या एका चुकीच्या प्रश्नावर अख्खं क्यूएमू कोसळेल. तपासण्यांचा क्रमही बघा. कनेक्टरच नसताना त्याचा प्रकार विचारून चालणार नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. इंडेक्स प्रोसेसरच्या ज्या रजिस्टरमधून येतो, त्याच रजिस्टरमध्ये पहिलं उत्तर परत जातं. त्यामुळे इंडेक्स आधी वाचून बाजूला ठेवलाय ना, याची खात्री करा.

दोन आकड्यांपाशी थांबा

रिव्ह्यूचा निम्मा वेळ इथे द्यायला हरकत नाही. क्यूएमूच्या मूळ कोडमध्ये मास्कचा फक्त शून्यावा बिट लावलाय. तो बिट पहिल्या आकड्यात लागला तर अर्थ असा, की या उपकरणात मजकूर जपण्याची क्षमताच नाही, वीज गेली तर काहीही उरणार नाही. क्यूएमूला हे कळतं, कारण मशिन सुरू करणाऱ्यानेच उपकरणाला 'अनआर्म्ड', म्हणजे डेटा जपायला सज्ज नसलेलं, असं सांगितलेलं असतं. बाकी बिटांबद्दल त्याच्याकडे माहिती नाही, म्हणून ते त्यांच्याबद्दल बोलत नाही. अगदी बरोबर केलंय.

आता समजा, कुणी सुधारणा म्हणून मास्कमध्ये सगळे एक भरले. टेस्ट पास होतील, गेस्ट सुरळीत सुरू होईल. पण करारातले बिट एक ते तीन बघा. एक : मजकूर जपण्यात किंवा परत आणण्यात अपयश आलं. दोन : मागच्या बूटचा मजकूर नीट परत आला. तीन : परत आणण्यासारखं काही नव्हतंच. तिन्ही बिट शून्य आणि तिन्ही ग्राह्य, म्हणजे मजकूर आला नाही, आणताना बिघडलाही नाही आणि मुळात नव्हता असंही नाही! हे शक्यच नाही. रक्त न तपासताच रिपोर्टवर 'नॉर्मल' छापण्यातला हा प्रकार आहे. 'माहीत नाही' आणि 'ठीक आहे' यांतला फरक या कोडमध्ये फक्त मास्कवर उभा आहे.

उलटी चूकही तितकीच महाग. शून्यावा बिट पहिल्या आकड्यात लावला, पण मास्कमध्ये राहिला तर? लिनक्स गेस्ट दोन्ही आकड्यांचा 'अँड' करतो, म्हणजे बिट दोन्हीकडे असेल तरच धरतो. इशारा तिथल्या तिथे गळून पडेल आणि डेटा टिकणार नाही अशा मेमरीत गेस्ट बिनघोर लिहीत राहील. कुठे एरर नाही, की लॉगमध्ये एक ओळ नाही.

याच जागी एरर गिळली जातेय का तेही बघा. 'अनआर्म्ड' ही प्रॉपर्टी नावाने वाचली असेल आणि एरर पकडायला काहीच दिलं नसेल, तर वाचन फसल्यावर उत्तर 'फॉल्स' येतं. इथे 'फॉल्स' म्हणजे 'सगळं ठीक'. तब्येतीच्या कोडमध्ये अपयशाचा अर्थ 'ठीक' होता कामा नये. शेऱ्यात हे स्पष्ट लिहा.

बिट डावीकडून मोजा

पॉवरच्या कागदपत्रांत शून्यावा बिट म्हणजे सर्वांत वरचा, नेहमीच्या उजवीकडून मोजणीत जो ६३ वा ठरतो तो. करारात उदाहरण आहे : हेक्समध्ये सी४ आणि पुढे चौदा शून्यं, याचा अर्थ बिट ०, १ आणि ५. हा आकडा एकदा कागदावर मांडून बघा, म्हणजे मनात पक्कं बसेल. क्यूएमूमध्ये यासाठी तयार मॅक्रो आहे. पॅचमध्ये तो न वापरता नुसतं 'एक डावीकडे सरकवा' दिसलं तर थांबा आणि सरकवण्याचा आकडा मोजा.

बाइटचा क्रम बदलायची मात्र इथे गरज नाही, उत्तर रजिस्टरमधून जातं. एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरवर, हीच माहिती फर्मवेअरने दिलेल्या एसीपीआयच्या एनएफआयटी तक्त्यातल्या एका फ्लॅगने जाते. तो तक्ता मेमरीत असतो, त्यामुळे तिथे लिटल-एंडियन, म्हणजे सर्वांत खालचा बाइट आधी, असं रूपांतर लागतं. एकीकडचा कोड उचलून दुसरीकडे चिकटवला असेल तर घोळ नेमका इथेच होतो.

नोंदणी

या हायपरकॉलचा क्रमांक हेक्समध्ये ४०० आहे. क्यूएमूमधल्या हायपरकॉलच्या तक्त्याची लांबी सर्वांत मोठ्या क्रमांकावरून ठरते. नवा क्रमांक त्यापुढचा असेल तर ती मर्यादाही त्याच पॅचमध्ये वाढलेली हवी.

चालवून बघा

क्यूएमूला मशिनचा प्रकार पीसिरीज (पॉवरचं व्हर्च्युअल मशिन) द्या आणि एनव्हीडीआयएमएम, म्हणजे पर्सिस्टंट मेमरीचा पर्याय, चालू ठेवा. उपकरणाला यूयूआयडी, म्हणजे त्याचा एकमेव ओळख क्रमांक, द्या, पॉवरवर तो सक्तीचा आहे. लेबल, म्हणजे मेमरीच्या विभागणीची नोंद ठेवायची छोटी जागा, सोडून उरलेला आकार २५६ एमबीच्या पटीत लागतो. १ जीबी मेमरी आणि १२८ केबी लेबल हवं असेल तर फाइलचा आकार १०७३८७२८९६ बाइट द्या. इथे चुकलं तर मशिन सुरूच होणार नाही आणि दोष उगाच पॅचवर जाईल.

एकदा 'अनआर्म्ड' चालू ठेवून बूट करा, एकदा बंद ठेवून. गेस्टमध्ये सिस-एफएस या कर्नलची माहिती फाइलींतून दाखवणाऱ्या जागेखाली त्या उपकरणाच्या 'पीएपीआर' फोल्डरमध्ये 'फ्लॅग्ज' नावाची फाइल आहे. पहिल्या वेळी तिथे 'नॉट आर्म्ड' दिसलं पाहिजे, दुसऱ्या वेळी नाही. एनडीसीटीएल हे साधन असेल तर त्याच्या हेल्थच्या यादीतही बघा. एवढ्यावर थांबू नका. नव्या कर्नलमध्ये अनआर्म्ड उपकरणावरची पीमेम डिस्क, म्हणजे गेस्टला डिस्कसारखी दिसणारी ही मेमरी, फक्त वाचण्यापुरती उघडते. तिच्यावर लिहून बघा, नकार आलाच पाहिजे. निरोपाचा परिणाम झाला की नाही ते इथे कळतं.

हीच टेस्ट पुढे चालत्या मशिनची तब्येत बदलून करायची झाली तर एक लक्षात असू द्या. गेस्टचा ड्रायव्हर उत्तर ६० सेकंद जपून ठेवतो. लगेच पुन्हा विचारलंत तर जुनंच उत्तर मिळेल आणि चांगल्या पॅचवर विनाकारण शंका येईल.

शेरा लिहिताना

'मास्क चुकलाय' एवढंच लिहू नका. गेस्टला काय दिसेल ते लिहा : 'या ओळीमुळे बिट २ ग्राह्य ठरतो, पण क्यूएमू तो कधीच भरत नाही.' पॅचचा लेखक अशा वाक्यावर लगेच काम करू शकतो. आणि नुसता कोड वाचला असेल तर पॅचला तुमच्या नावाची 'रिव्ह्यूड-बाय' ही ओळ द्या. दोन्ही बूट स्वतः करून फ्लॅग आणि डिस्क पाहिली असेल, तरच 'टेस्टेड-बाय' जोडा आणि कोणत्या कर्नलवर पाहिलं तेही शेजारी लिहा.