शेजारचा कुत्रा जाळीखालून उकरून खुराड्यात शिरत होता: माझा अनुभव

घणसोली गावठाणात घरामागे ६ गावठी कोंबड्या होत्या. सकाळी पाहावं तर जाळीच्या कडेला वीतभर खड्डा, आत पिसं. दोन गेल्या. शेजारचे काका म्हणतात, "अरे, आमचा मोत्या नुसता खेळतो रे." डोकं फिरलं.

तिखट टाकलं, पावसाने धुतलं. विटा लावल्या, त्याने बाजूने उकरलं. षटकोनी कोंबडीजाळी दातांनी फाडली. ती कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर नाही.

चाललं ते असं. आधी खालच्या ३ फुटांवर बाहेरून १ इंची वेल्डमेश (सांधे वेल्ड केलेली चौकोनी तारेची जाळी), वॉशर घातलेल्या स्क्रूने. मग त्याच जाळीची २ फूट रुंद पट्टी बाहेर जमिनीवर आडवी पसरली आणि तिची आतली कड उभ्या जाळीला दर चार बोटांवर बांधणीच्या तारेने आवळली. कोपऱ्यात पट्ट्या एकमेकींवर चढवा. माझी पहिली फट तिथेच राहिली होती. वर माती आणि फरशीचे तुकडे. कुत्रा कुंपणाला चिकटूनच उकरतो, दोन फूट मागे सरून उकरायचं त्याला सहसा सुचत नाही, म्हणून खोल चर खणायची गरज पडली नाही. शेवटी दाराखाली कडाप्प्याचा उंबरा, कडीत स्प्रिंगचा हूक.

मोत्या अजून रोज येतो. पट्टीवर बसून राहतो.