बोटीवर राहता, सोबत कुत्रा आहे आणि सुट्टीत घरी जायचंय? तयारी अशी करा

शिडाच्या बोटीवर कायम राहणाऱ्या माणसाला घरून फोन येतो, "यंदा सुट्टीत येताय ना?" तोंडातून "हो" निघून जातं आणि मग डोक्यात चक्र सुरू होतं. बोट कुठे ठेवायची, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, आणि कुत्र्याचं काय करायचं? हे सगळं नीट जमतं, पण क्रम चुकला तर घरी जाऊनही जीव बोटीतच अडकून राहतो. म्हणून जायची तारीख ठरली की तिथून उलटं मोजत यायचं. सर्वांत जास्त वेळ कुत्र्याच्या कागदपत्रांना लागतो, त्यानंतर बोट सुरक्षित जागी पोहोचवायला. तिकिटांचा नंबर या दोन्हींच्या नंतर.

कुत्र्याला न्यायचं की ठेवायचं?

हा निर्णय सगळ्यांत आधी घ्या, आणि भावनेच्या भरात घेऊ नका. प्रवास रस्त्याने किंवा फेरीने होणार असेल तर बहुतेक वेळा नेणंच बरं. लांबचा विमानप्रवास असेल आणि मुक्काम जेमतेम आठवड्याचा असेल, तर मालाच्या कप्प्यातून दोनदा नेण्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडे ठेवणं कुत्र्याच्या हिताचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. चपट्या नाकाच्या जातींना, म्हणजे पग किंवा बुलडॉगसारख्यांना, श्वासाचा त्रास चटकन होतो. अनेक विमान कंपन्या त्यांना मालाच्या कप्प्यातून नेतच नाहीत. म्हातारा किंवा हृदयविकार असलेला कुत्रा असेल तर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

ठेवायचा असेल तर शक्यतो बोटीवर राहणाऱ्याच दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवा. त्याला तिथली हालचाल, आवाज आणि वास ओळखीचे असतात. आधी एक-दोन रात्री सवय म्हणून ठेवून बघा.

कागदपत्रं: इथे घाई चालत नाही

सीमा ओलांडायची असेल तर तीन गोष्टी जवळपास सगळीकडे लागतात: मायक्रोचिप, रेबीजची लस आणि पशुवैद्यांचं आरोग्य प्रमाणपत्र. यात क्रम महत्त्वाचा. युरोपीय संघाच्या नियमानुसार चिप लसीच्या आधी, निदान त्याच वेळी तरी बसवलेली असावी लागते. आधी लस आणि नंतर चिप असं झालं तर ती लस धरत नाहीत, पुन्हा टोचावी लागते. पहिल्या लसीसाठी कुत्रा किमान 12 आठवड्यांचा हवा आणि लसीनंतर 21 दिवस थांबावं लागतं. रेबीजच्या बाबतीत यादीत नसलेल्या देशातून जात असाल तर रक्ताची अँटिबॉडी चाचणीही लागते. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेतात, त्यात किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर एवढं प्रमाण यावं लागतं आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने गेल्यावरच प्रवेश मिळतो. म्हणजे सुट्टी वर्षअखेरीस असेल तर या कामाला जुलै-ऑगस्टमध्येच लागायला हवं.

देशागणिक नियम बदलतात. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, फिनलंड आणि नॉर्वे इथे जाताना पट्टकृमीचं औषध प्रवेशाआधी 24 ते 120 तासांच्या आत पशुवैद्यांकडून दिलेलं असावं लागतं. अमेरिकेत 1 ऑगस्ट 2024 पासून बाहेरून येणारा कुत्रा किमान 6 महिन्यांचा आणि चिप बसवलेला असावा लागतो आणि आधी ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. ऑस्ट्रेलियात बहुतेक देशांतून येणाऱ्या कुत्र्याला किमान 10 दिवस विलगीकरणात ठेवतात, म्हणजे छोट्या सुट्टीचा बेत तिथेच संपतो. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: परतीचे नियम. जाताना कागद पूर्ण असतात, पण बोट ज्या देशात उभी आहे तिथे कुत्र्याला परत आणायच्या अटी वेगळ्या असू शकतात. दोन्ही दिशांचे नियम संबंधित सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. शेजारच्या बोटवाल्याने गेल्या वर्षी काय केलं, त्यावर विसंबू नका.

माणसांचेही कागद बघा. बोटीने देशात शिरून विमानाने बाहेर पडणार असाल तर अनेक ठिकाणी इमिग्रेशन आणि कस्टम्सला तसं कळवावं लागतं. बोटीलाही मुदत असते. युरोपीय संघात बाहेरच्या रहिवाशांची बोट शुल्क न भरता साधारण 18 महिने ठेवता येते. परतीचं विमानतिकीट नसेल तर बोटीच्या नोंदणीची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, विमानतळावर विचारणा होऊ शकते.

बोट लवकर जागेवर आणा

माझ्या मते या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. विमान अमुक तारखेला आहे म्हणून खराब हवेत नांगर उचलणं, यासारखा धोका नाही. घरचे वाट बघतायत, तिकिटाचे पैसे भरलेत, आणि अंदाज सांगतोय की वारा वाढणार. अशा वेळी माणूस स्वतःचीच समजूत घालायला लागतो. तो प्रसंगच येऊ देऊ नका. निघायच्या तारखेच्या निदान दहा-पंधरा दिवस आधी बोट ठरलेल्या जागी पोहोचलेली हवी. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा की आम्ही कुठून विमान पकडणार ते ठरलंय, पण तिथे पोहोचायचा दिवस हवा ठरवेल.

जागा म्हणून मरिना, म्हणजे बोटी बांधून ठेवायचं छोटं बंदर, किंवा बोट पाण्याबाहेर काढून ठेवायचं यार्ड सर्वांत बरं. नुसत्या नांगरावर बोट सोडून आठवडाभर जाऊ नये. विमा पॉलिसीतही "बोटीवर कोणी नसताना" कोणत्या अटी लागू होतात ते वाचा, काही पॉलिसींत त्यासाठी जागेची अट असते.

बोट बंद करताना

हे काम शेवटच्या रात्रीवर ढकलू नका, दोन दिवस काढा.

सुरुवात दोरांपासून. प्रत्येक दोराला जोडीचा दुसरा दोर लावा आणि तो वेगळ्या खुंटीवर बांधा, म्हणजे एक खुंटी उखडली तरी दुसरी धरते. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर काठावर घासतो. अग्निशमनाच्या जुन्या पाइपचा हातभर तुकडा दोरावर चढवून, तो जागचा सरकू नये म्हणून सुतळीने शिवून टाका. भर वाऱ्यात दोर तुटतात ते बहुधा या घासण्यानेच. धक्का तरंगता नसेल तर भरती-ओहोटीचा पूर्ण फरक धरून दोरांची लांबी ठेवा, आणि त्यात उधाणाची भरतीही धरा.

शिडं उतरवा. निदान पुढचं गुंडाळतं शीड तरी उतरवाच. वादळात ते थोडं सुटलं की वारा आत शिरतो, शीड फाटतं आणि त्याच्या फडफडीने डोलकाठीही धोक्यात येते. उतरवणं अगदीच शक्य नसेल तर त्याच्या दोरांचे चार-पाच वेढे जास्त घ्या आणि वरून आणखी एक दोर घट्ट बांधा.

आता सी-कॉक, म्हणजे बोटीच्या तळाला पाणी आत-बाहेर करणाऱ्या भोकांवरच्या झडपा. कॉकपिटमधलं, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीतलं, पावसाचं पाणी बाहेर जाऊ देणाऱ्या उघड्या ठेवा, बाकी सगळ्या बंद करा. इंजिनाच्या पाण्याचा कॉक बंद केल्यावर इंजिनाची किल्ली त्याच्याच दांड्याला अडकवा. परत आल्यावर कॉक न उघडता इंजिन सुरू करणं मग शक्यच होत नाही.

बिल्ज म्हणजे बोटीच्या तळाचा, आत आलेलं पाणी साठतं तो भाग. तिथला पंप चालतो का, हे नुसता खटका दाबून तपासू नका. बिल्जमध्ये बादलीभर पाणी ओता आणि त्याचा तरंगता खटका आपोआप वर येऊन पंप सुरू होतो का ते बघा. धक्क्यावरची वीज जाऊ शकते, म्हणून सोलर पॅनेल जोडलेलं राहू द्या आणि पंप सोडून बाकी सगळे खटके बंद करा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये, तिचं आयुष्य घटतं.

गॅस सिलिंडरच्या तोंडाशीच बंद करा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बिल्जमध्ये साठून राहतो. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा, गाद्या उभ्या करा आणि वाऱ्याला वाट ठेवा. शौचालयाच्या नळ्यांतून गोडं पाणी फिरवा, नाहीतर साचलेल्या समुद्राच्या पाण्याला असह्य वास येतो.

थंडी गोठवणारी असेल तर टाक्या आणि नळ्या रिकाम्या करा, इंजिनात अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, घाला. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं घ्या. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्र्यासाठी अगदी थोडंही जीवघेणं ठरतं. कुत्रा असलेल्या बोटीवर ते आणूच नये.

शेवटी देखरेख करणाऱ्यासाठी एक पान लिहा. कोणती झडप कुठे, मुख्य स्विच कुठला, जादा दोर कुठे, फोन कोणाला करायचा. सोबत प्रत्येक गोष्टीचा फोटो पाठवा. "जरा लक्ष असू दे" एवढं सांगून भागत नाही. आठवड्यातून दोनदा येऊन दोर, बिल्ज आणि बॅटरी बघायची, असं नेमकं ठरवा.

प्रवासासाठी कुत्र्याची सवय

पिंजरा प्रवासाच्या आदल्या दिवशी आणू नका. काही आठवडे आधी आणा, बोटीच्या केबिनमध्ये पट्ट्याने घट्ट बांधा आणि दार काढून टाका. आत त्याची रोजची चादर टाका, खाणं तिथेच द्या. हळूहळू तो आपणहून तिथे झोपायला लागतो, मग दार लावून वेळ वाढवत न्या. आत त्याला उभं राहता, वळता आणि आरामात पडता यायला हवं. विमानाच्या केबिनमध्ये कुत्रा नेता येतो त्या अनेक विमान कंपन्यांत पिशवीसकट सुमारे 8 किलोची मर्यादा असते. झोपेचं औषध देऊन विमानात पाठवू नका. उंचीवर त्याने रक्तदाब आणि श्वास बिघडू शकतो.

घरी पोहोचल्यावर

बोटीवरच्या कुत्र्याला एक गोष्ट पक्की माहीत असते, ती म्हणजे आपली माणसं कायम हाकेच्या अंतरावर असतात. घरात तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावलं तरी तो कावराबावरा होतो. पहिले दोन दिवस त्याला एकटं सोडून सगळ्यांनी बाहेर जायचा बेत करू नका. त्याच्यासाठी घरातला एक शांत कोपरा ठरवा, पिंजरा तिथेच मांडा आणि मुलांना सांगा की तो आत असला की त्याला हात लावायचा नाही. दाराची घंटा, जिने, काचेची दारं, व्हॅक्युम क्लीनर, यातलं बरंच त्याला नवीन असतं.

शी-शूचा प्रश्न यजमानांना आधीच मोकळेपणाने सांगा. आमच्या कुत्रीला पुढच्या डेकवरच्या हिरव्या चटईची सवय. घरातला जाड गालिचा पायाला तसाच लागतो, आणि ती त्यावर नाक टेकवून गोल फिरायला लागली की काय होणार ते आम्हाला कळतं. उपाय साधा आहे. बोटीवरची चटई न धुता सोबत आणा आणि अंगणात किंवा गच्चीवर टाका. आल्याआल्या, घरात शिरायच्या आधी, त्याला तिथे न्या.

सुट्टीच्या घरात खाणं सगळीकडे पसरलेलं असतं. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, मद्य आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची मिठाई किंवा च्युइंगगम, हे सगळं कुत्र्याला विषारी. शिजवलेली हाडं टोकदार तुकड्यांत मोडतात आणि आतडं फाडू शकतात. तेलकट-तुपकट उरलंसुरलं घातलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ही यादी फ्रिजच्या दारावर लावा, कारण लाडाने गुपचूप भरवणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतंच. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना सुट्टीत उघडा आहे का, हेही आधी बघून ठेवा.

फटाके वाजणार असतील तर अंधार पडायच्या आत फिरवून आणा, खिडक्या लावा आणि गळ्यातल्या बिल्ल्यावर घरचा फोन नंबर घाला. बिल्ल्यावर फक्त बोटीचं नाव असेल तर या गावात त्याचा काही उपयोग नाही.

तुम्हालाही दोन-तीन दिवस जमीन हलतेय असं वाटेल. ते नैसर्गिक आहे, बहुतेकांचं आपोआप जातं.

परतताना

घरच्या पत्त्यावर मागवलेले सुटे भाग बॅगेत भरताना जपून. आपत्कालीन फ्लेअर, म्हणजे संकटात पेटवायचे इशारे, विमानात अजिबात चालत नाहीत. लाइफ जॅकेटच्या गॅसच्या नळकांड्यांना विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात.

निघायच्या आदल्या दिवशी कुत्र्याला बारीक दातांच्या फणीने विंचरा आणि पिसवांचं औषध वेळेवर दिलंय ना ते बघा. बोटीच्या गाद्यांत आणि लाकडाच्या फटींत पिसवा शिरल्या की महिनोन्‌महिने निघत नाहीत.

धक्क्यावर पोहोचलात की कुत्र्याला सोबत्याकडे द्या आणि आधी एकट्याने आत जा. झाकणं उघडा, गॅसचा वास येतो का बघा, कोणताही खटका दाबायच्या आधी हवा खेळू द्या. मग बिल्ज, बॅटरी, दोर. सी-कॉक एकेक करून उघडा आणि प्रत्येक जोडावर हात फिरवून ओल लागते का ते तपासा. त्यानंतर कुत्र्याला लाइफ जॅकेट घालून वर घ्या. सुट्टीत त्याचं वजन वाढलेलं असतं, तेव्हा पट्टे पुन्हा बेताचे करा आणि पाठीवरच्या मुठीला धरून एकदा उचलून बघा. पहिले दोन-तीन दिवस धक्क्यावरच राहा. त्याचे पाय डेकला पुन्हा सरावले, तुमचं वाणसामान भरून झालं आणि हवा चांगली असली, की मग दोर सोडा.