फ्रीज नसेल तर मे महिन्यात इन्सुलिन कसं टिकवावं

न उघडलेली शिशी 2 ते 8 अंशांत राहायला हवी. ती मेडिकलवाल्याच्या फ्रीजमध्येच असू द्या, एका वेळी एकच आणा. उघडल्याची तारीख शिशीवर लिहा. साधारण 28 दिवस चालते, तेही 30 अंशांच्या आत ठेवली तर. आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपुरात पारा 45 वर जातो, टिनाखाली तर विचारूच नका.

“माठात टाकून द्या” हा सल्ला अर्धवट आहे. पाण्यात सोडलेल्या शिशीचं रबरी बूच भिजतं, लेबल निघतं. दोन मडकी घ्या. मोठ्यात चार बोटं रेती, त्यावर लहान मडकं, मधली फटही रेतीने भरा. रेती सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवा. शिशी घट्ट झाकणाच्या डबीत घालून आत ठेवा, तोंडावर ओलं गोणपाट टाका. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून मडकं सावलीत पण वारा लागेल असं ओसरीवर हवं. बंद खोलीत ते गार होत नाही. रंगवलेलं मडकं घेऊ नका, त्याची छिद्रं बुजलेली असतात. आत साधं तापमापक ठेवून दुपारी तीनला बघाच. अंदाजावर राहू नका. पाऊस लागून हवा दमट झाली की मडकं कमी गार होतं. बर्फाला शिशी लावायची नाही. गोठलेलं इन्सुलिन बाद.

उन्हाने बिघडलेलं इन्सुलिन बरेचदा चांगलंच दिसतं. जेवण तेच, डोस तोच, तरी शुगर चढत असेल तर शिशीवर संशय घ्या. अशा वेळी मनाने डोस वाढवणं सगळ्यांत धोक्याचं: पुढची ताजी शिशी पूर्ण ताकदीची निघते आणि वाढवलेल्या डोसने शुगर धाडकन पडते. शिशी बदला, डॉक्टरांना सांगा, इन्सुलिन बंद मात्र करू नका.

जे इन्सुलिन मुळातच दुधाळ, गढूळ असतं ते तळहातांत घोळवा, हलवू नका. गुठळ्या दिसल्या तर फेका.

40 च्या (एका मिलीत 40 युनिट) शिशीला लाल टोपणाची 40 चीच सिरिंज. तेच इन्सुलिन 100 च्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात 8 युनिटच जातात.

इन्सुलिनची सुई टोचून घेतल्यावर उपाशी निंदणाला जायचं नाही. वावरात घाम फुटला, हात थरथरले तर शुगर पडली समजा आणि लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, 108 ला फोन लावा.