परवान्याचे पिस्तूल घेऊन पुण्याहून परराज्यात जाताना

परराज्यात निघण्यापूर्वी परवानाधारकाने आपल्या शस्त्रपरवान्यावरील क्षेत्राचा रकाना नीट वाचावा. तेथे फक्त महाराष्ट्राचा उल्लेख असेल, तर परवाना मुदतीत असला आणि त्यावर यूआयएन (परवानाधारकाचा राष्ट्रीय नोंदणीतील ओळख क्रमांक) असला, तरी राज्याची हद्द ओलांडून शस्त्र नेता येत नाही. क्षेत्रवाढीचा अर्ज परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडेच, म्हणजे पुणे शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे, सबळ कारणासह करावा लागतो. निर्णयाला वेळ लागतो, म्हणून प्रवासाची तारीख ठरण्याआधीच तो केलेला बरा.

मुक्कामाचे राज्य पाहून भागत नाही. वाटेतले राज्यही पाहावे लागते, आणि गोव्याला निघालेल्या अनेकांच्या हे ध्यानात येत नाही. कागल मागे पडले की कोगनोळीला कर्नाटक सुरू होते, त्यामुळे निपाणीवरून आंबोलीला वळा किंवा बेळगावहून चोर्ला घाट उतरा, परवान्यात गोव्याबरोबर कर्नाटकही हवेच. ते नसेल, तर कोल्हापुरातून गगनबावड्यामार्गे कोकणात उतरून सावंतवाडी, बांदा असे जावे. वळसा पडला तरी तोच मार्ग धरावा.

शस्त्र नियम, 2016 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. पिस्तूल अंगावरील होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीत ठेवावे. म्हणजेच ते झाकून नेण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. उलट उघडे मिरवणे हाच नियमभंग होय. धाब्यावर जेवायला उतरताना ते गाडीच्या कप्प्यात ठेवून जाणे किंवा चालकाकडे सोपवणे हा धोका कोणीही पत्करू नये, कारण ज्याच्या नावावर परवाना नाही त्या चालकावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. मूळ परवाना सोबत ठेवावा आणि पोलिसांनी मागताच दाखवावा.

जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर सभा आणि शैक्षणिक संस्थांचे आवार येथे शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटींनीच मनाई असते. सौंदत्तीच्या यात्रेला जाणाऱ्याने ते घेऊन निघूच नये.

विमानाने जायचे असल्यास विमान कंपनीला आधी कळवावे. पिस्तूल घरीच रिकामे करावे, लोहगाव विमानतळावर चेक-इनच्या वेळी त्याची नोंद द्यावी. केबिनमध्ये ते नेता येत नाही.

निवडणुकीच्या काळात किंवा जमावबंदी असताना त्या जिल्ह्यातील आदेशांची चौकशी करावी. शंका राहिलीच, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून निघावे आणि त्याची पावती परवान्यासोबत जपून ठेवावी.