यंत्रं भाड्यानं देताना या चुका टाळा

दिवाळी झाली, रानातला ओलावा ओसरला की मराठवाड्यात मशीनला मागणी सुरू होते. शेततळी, विहिरी, रस्ते, वाळूज-शेंद्र्याकडचे कारखान्यांचे शेड. त्याच वेळी मशीन भाड्यानं देणाऱ्या कंपन्या नवी पोरं सेल्सला घेतात आणि दरवर्षी तीच पोरं त्याच खड्ड्यात पडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे साइट न बघता फोनवर दर सांगणं. ही मी स्वतः केली आहे. नवा होतो, घनसावंगीकडच्या एका ठेकेदाराचा फोन आला. "भाऊ, सगळी मातीच आहे, पोकलेन पाठवा." मी मातीचा तासाचा दर सांगितला, त्यांनी लगेच होकार दिला, महिन्याचं टार्गेट झालं म्हणून मी खूश. वीस टनी मशीन ट्रेलरवर गेलं. वरची चार फूट काळी माती निघाली, मग मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. चौथ्या दिवशी बकेटचे दात झिजून गेले. ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, लावावा लागेल, त्याचा दर वेगळा, असं म्हटल्यावर पार्टी म्हणाली, "दर तर ठरलाय ना?" त्यातच अवकाळी पाऊस झाला. काळ्या रानात ट्रेलर येईना, मशीन बाहेर निघेना. नऊ दिवस उभं राहिलं. उभ्या मशीनचं भाडं कोणी द्यायचं, याचा वर्क ऑर्डरमध्ये शब्दही नव्हता. ते पैसे आजतागायत आले नाहीत.

तेव्हापासून मी आधी साइटवर जातो आणि शेजारची विहीर शोधतो. विहिरीत डोकावलं की माती किती, मुरूम किती, पाषाण कुठून सुरू होतो, हे कडेलाच दिसतं. मग मुख्य रस्त्यापासून साइटपर्यंत पायी चालतो. ट्रेलरवर चढलेलं मशीन विजेच्या तारेखालून जाईल का, नाल्यावरचा पूल वजन पेलेल का, पाऊस आला तर बाहेर कसं काढायचं, हे चालल्याशिवाय कळत नाही. लोकेशन आणि दोन फोटो मागवून कोटेशन पाठवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जाण्यायेण्याचं पेट्रोल वाचतं आणि महिन्याचं भाडं बुडतं.

दुसरी चूक लॉगशीटची, म्हणजे मशीन रोज किती तास चाललं त्या नोंदीच्या कागदाची. महिनाअखेर तासांवरून भांडण होतं, कारण सह्या महिनाअखेर घेतलेल्या असतात. तोवर साइटचा सुपरवायझर बदललेला असतो. इंजिन चालू असलं की मशीनचा तासांचा मीटर फिरतो, मग बकेट चालो न चालो. पार्टी मात्र कामाचेच तास मोजते. म्हणून सकाळ-संध्याकाळ मीटरचा फोटो आणि संध्याकाळीच सही. मशीन बिघडलं तर तो वेळही त्याच कागदावर, आपल्या विरोधात जात असला तरी. मी ऑपरेटरला रोज सातला फोन करतो, सही झाली का एवढंच विचारतो. नव्या पोरांना हे कारकुनी काम वाटतं. वसुलीला गेल्यावर मात्र तोच कागद मागतात.

डिझेल कोणाचं, ऑपरेटरचं राहणं-जेवण कोणाकडे, मशीन नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, दिवसाला कमीत कमी किती तास धरायचे: मशीन यार्डातून हलायच्या आधी लेखी घ्या.

१८ टक्के जीएसटी वेगळा, हे पहिल्याच बोलण्यात सांगा.

जनरेटर देताना केव्हीए (सेटवर लिहिलेली क्षमता) म्हणजेच केडब्ल्यू (प्रत्यक्ष कामाला येणारी वीज) असं धरू नका. १२५ केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टरला (या दोन्हींचं प्रमाण) १०० केडब्ल्यूच देतो. त्यातही सगळ्यात मोठी मोटर कोणती आणि स्टार्टर कोणता, हे विचाराच. थेट चालू होणारी मोटर सुरुवातीला सहा-सात पट करंट ओढते.

हायड्राचंही, म्हणजे चाकांवरच्या क्रेनचंही, तसंच. चौदा टनी म्हणजे कुठेही चौदा टन नव्हे. बूम, म्हणजे क्रेनचा हात, जितका लांब, तितकं उचलता येणारं वजन कमी. किती लांबीला किती वजन हे सांगणारा लोड चार्ट बघूनच हो म्हणा, इथे अंदाज चालत नाही, खाली माणसं उभी असतात.

आणि ॲडव्हान्स आल्याशिवाय ट्रेलर लावू नका. "मशीन पोचलं की देतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या पार्टीलाही मी आता नाही म्हणतो. दोन गिऱ्हाइकं तुटली, पण बाकीची टिकली, आणि त्यांच्याकडे उधारी मागायला हेलपाटे घालावे लागत नाहीत.